खिडकीतलं मांजर आणि काचेची कड

श्रावण लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साबुदाण्याच्या पाककृतींबरोबर असलेही संदेश सुरू होतात : मांजर खिडकीत बसून टक लावून बाहेर बघत असेल तर त्याला हाकलू नये, घरावर येणारी नकारात्मक ऊर्जा ते शोषून घेत असतं. खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'. यंदा त्याच्या पाठोपाठ एका भाच्यानं लिंक टाकली, म्याऊ ऐकून मांजराच्या मनातलं लिहून दाखवणाऱ्या ॲपची. एक संदेश जुन्या वळणाचा, दुसरा नव्या, पण दोघांनी एकच गोष्ट धरून चाललेली : मांजर जे काही करतं ते आपल्यासंबंधी असतं. यातलं निम्मं खरं आहे. म्याऊ आपल्यासाठीच असतं. खिडकीतल्या टक लावण्याशी मात्र आपला काडीचा संबंध नाही.

म्याऊचं आधी उरकून घेतो, कारण मला खरं बोलायचंय ते डोळ्यांबद्दल.

दोन मोठी मांजरं समोरासमोर आली की फिसकारतात, गुरगुरतात, माजावर असली तर गल्ली डोक्यावर घेतात. पण आपल्या ओळखीचं साधं म्याऊ ती एकमेकांना क्वचितच करतात. ते मुळात पिल्लानं आईला हाक मारण्याचं साधन. पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. भूक लागली, थंडी वाजली, आईपासून लांब सरकलं, तर आवाज काढणं एवढंच त्याच्या हातात असतं. दूध तुटलं की ही हाक मागे पडते. घरातल्या मांजराचं मात्र दूध तुटतच नाही, कारण ताटली भरणारा माणूस जन्मभर समोर असतो. शिवाय हा माणूस शेपटीची, कानाची भाषा ओळखत नाही, दिवसभर फोनमध्ये बघतो. त्याला उठवायचं तर आवाजच लागतो, हे मांजर काही दिवसांत शिकतं.

गेल्या काही हजार वर्षांत त्या आवाजालाही वळण लागलं आहे. मांजर माणसाजवळ आलं ते धान्यामागच्या उंदरांमागे. आपल्या मार्केट यार्डात भुसार मालाच्या पोत्यांवर झोपलेली मांजरं दिसतात, त्यांची नोकरी शेतीइतकीच जुनी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, ते सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या निकोलस निकास्ट्रो यांनी २००४ मध्ये पाळीव मांजरांचे आणि त्यांच्या पूर्वजांच्या जातीतल्या आफ्रिकी रानमांजरांचे आवाज लोकांना ऐकवले. पाळीव मांजरांचं म्याऊ आखूड आणि चढ्या पट्टीचं निघालं, आणि ऐकणाऱ्यांना तेच गोड वाटलं.

याहून बेरकी प्रकार कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नोंदवला. मांजराची नेहमीची घरघर खर्जातली, साधारण २५ हर्ट्‌झच्या आसपास. काही मांजरं खायला मागताना त्याच घरघरीत सुमारे ३८० हर्ट्‌झचा एक बारीक, रडवा सूर मिसळतात. ही पट्टी तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जाते. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही हा आवाज निकडीचा वाटला.

आता त्या ॲपचं. निकास्ट्रो यांच्याच आणखी एका अभ्यासात अनोळखी मांजराचं म्याऊ ऐकवून, ते भुकेलं आहे की चिडलंय की दार उघड म्हणतंय, हे लोकांना ओळखायला सांगितलं होतं. उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेम बरी आली. मांजरांची सवय असलेल्यांची थोडी अधिक बरी. म्हणजे सगळ्या मांजरांचा मिळून एक शब्दकोश नाही. प्रत्येक घरात मांजर आणि माणूस मिळून आपापली बोली ठरवतात. मग भाषांतर कशाचं करणार? आणि करायचंच असेल तर 'उठ, वाटी रिकामी आहे' या एका वाक्यात बरंचसं काम भागेल.

रात्रीच्या रडण्याबद्दलही एक. आमच्या गावभागात अजून कुणी ना कुणी सकाळी विचारतंच, "काय ओ, रात्रभर मांजर रडालंय, बरं नव्हं हे लक्षण." लक्षण एवढंच असतं की एक मादी माजावर आली आहे आणि दोन बोक्यांत वाद आहे. शस्त्रक्रिया करून आणली की अपशकुन थांबतो. मात्र म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, रक्तदाब, ऐकू न येणं, काहीही निघू शकतं.

आता खिडकी.

मी मिरजेत डोळ्यांचे नंबर तपासतो, त्यामुळे ठमी (हे आमचं मांजर) खिडकीत बसली की मला आधी तिचा नंबर आठवतो. मांजराची नजर तीक्ष्ण असते असा सगळ्यांचा समज आहे. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मांजराला वाचता आला असता तर ते सपशेल नापास झालं असतं. जे बारकावे आपल्याला तीस मीटरवरून दिसतात त्यासाठी मांजराला सुमारे सहा मीटरवर यावं लागतं. अगदी नाकाजवळचंही त्याला नीट दिसत नाही, तिथे मिशांवर काम भागवावं लागतं. तांबड्या रंगाची त्याला फारशी कल्पना नाही. त्या बदल्यात त्याला मिळालंय ते अंधुक उजेडातलं बघणं : आपल्याला लागतो त्याच्या सहाव्या हिश्शाच्या उजेडात त्याचं भागतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे (रेटिनामागे) आरशासारखा एक थर असतो, तो निसटलेला उजेड परत पडद्यावर टाकतो. रात्री मोटारसायकलच्या दिव्यात मांजराचे डोळे चमकतात ते यामुळेच. आणि दुसरी देणगी म्हणजे हालचाल.

समोरच्या घराच्या पन्हाळीवर पारवा येऊन बसतो. तो गप्प बसला की ठमीचे कान सैल पडतात, ती पंजा चाटायला लागते. पारव्यानं मान एकदा पुढे-मागे केली की तिचं अंग थिजतं, बुबुळाची उभी चीर रुंद होते, शेपटीचं फक्त टोक हलतं. पारवा तोच, अंतर तेच, उजेडही तोच. बदललं ते एवढंच, की एक कड सरकली.

मांजराच्या मेंदूला कड सरकण्याचं इतकं का वाटावं, हे आपल्याला १९५८ मध्ये कळलं, तेही निम्मं अपघातानं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड हुबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन तरुण स्टीफन कुफ्लर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. कुफ्लर यांनी मांजराच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी आधीच तपासल्या होत्या. तिथली प्रत्येक पेशी दृश्याचा एक लहानसा गोल तुकडा सांभाळते. गोलाच्या मध्यावर उजेडाचा ठिपका पडला की काही पेशी पेटतात (म्हणजे विद्युत संकेत धाडतात) आणि कडेच्या वर्तुळावर पडला की दबतात. काहींचं नेमकं उलटं. मग मेंदूतल्या पेशीही ठिपक्यांनाच दाद देत असणार, अशी या दोघांची अपेक्षा. गुंगी दिलेल्या मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागात केसाहून बारीक तार घालून ते एकेका पेशीचे विद्युत संकेत लाउडस्पीकरवर ऐकत. पेशी पेटली की तडतड आवाज. समोर उजेडाचे ठिपके, काळे ठिपके, सगळं दाखवून झालं. तासन्‌तास पेशी ढिम्म.

काळा ठिपका काचेच्या पट्टीवर चिकटवलेला असे. एकदा ती पट्टी उपकरणात सरकवताना स्पीकर एकदम तडतडायला लागला. ठिपका तर अजून जागेवरही गेला नव्हता. पुन्हा सरकवली, पुन्हा तडतड. ठिपक्याचा काही संबंधच नव्हता. काचेच्या कडेची जी पुसट सावली मांजराच्या डोळ्यावरून सरकत होती, तिला ती पेशी दाद देत होती. तीही कड एका ठरावीक तिरकेपणात असली तरच. पट्टी जरा फिरवली की पेशी गप्प.

पुढची अनेक वर्षं दोघांनी त्या कडेचाच पाठपुरावा केला. काही पेशी एका जागी, एका कोनात असलेल्या कडेला दाद देतात, त्या साध्या पेशी. डोळ्याच्या पडद्यावरचे गोल एका ओळीत मांडले की त्यांच्या बेरजेतून रेघ ओळखता येते, अशी त्यांची मांडणी होती. काही पेशींना कोन तोच हवा, पण कड त्यांच्या हद्दीत कुठेही असली तरी चालते आणि ती सरकली की त्या अधिक पेटतात, त्या जटिल पेशी. कित्येकींना दिशाही कळते : कड डावीकडून उजवीकडे गेली की तडतड, उलट गेली की शांतता. १९८१ च्या नोबेल पुरस्कारात या दोघांचा वाटा होता. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये याच साध्या-जटिल पेशींच्या धर्तीवर संगणकासाठी चित्रं ओळखणारी रचना केली. आज फोन फोटोतलं मांजर ओळखतो ते तिच्याच वंशातल्या रचनेमुळे. म्हणजे मांजर कसं बघतं ते शोधून आपण यंत्राला मांजर बघायला शिकवलं.

यात १९६६ ची एक भर आहे, ती सोडवत नाही. पुढचा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी खुशाल पुढे जा.

क्रिस्टिना एनरॉथ-कुगेल आणि जॉन रॉबसन यांनी मांजराच्या पडद्यावरच्या पेशींना काळ्या-उजळ पट्ट्यांची नक्षी दाखवली. नक्षी एकदम आणायची, एकदम घालवायची. काही पेशींसाठी पट्ट्या अशा जागी बसवता येतात की अर्ध्या गोलावर वाढलेला उजेड दुसऱ्या अर्ध्यावर घटलेल्या उजेडाशी फिटतो, बेरीज शून्य, आणि पेशी हूं की चूं करत नाही. त्या एक्स पेशी. वाय पेशींना अशी शून्याची जागा सापडतच नाही. पट्ट्या कुठेही ठेवा, नक्षी आली तरी त्या पेटतात, गेली तरी पेटतात. कारण त्या उजेडाची सरळ बेरीज करत नाहीत. त्यांच्या गोलात लहान लहान उपविभाग असतात आणि कुठल्याही उपविभागातला बदल तेवढा वर पोचतो. वाय पेशी संख्येनं कमी, आकारानं मोठ्या, त्यांचे तंतू जाड आणि निरोप जलद. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन उभ्या गाड्यांकडे बघत नाही, आत-बाहेर करणाऱ्याकडे बघतो. वाय पेशीचं काम तसंच. तिचा निरोप मेंदूच्या त्या भागातही जातो जो डोळे आणि मान वळवतो. पारवा ओळखायच्या आत ठमीची मान वळलेली असते ती यामुळे.

या संशोधनाचं माझ्या टेबलाशी थेट नातं आहे. हुबेल आणि वीझल यांनी १९६३ मध्ये दाखवलं की पिल्लाचा एक डोळा जन्मानंतर पहिले काही आठवडे बंद ठेवला, तर पुढे तो उघडूनही उपयोग होत नाही. डोळा धडधाकट, पण मेंदूतल्या पेशी त्याला विचारत नाहीत, सगळी जागा दुसऱ्या डोळ्यानं बळकावलेली असते. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर काही बिघडत नाही. हे प्रयोग वाचताना माझ्या पोटात कालवतं, हेही सांगतो. पण मुलांचा जन्मजात मोतीबिंदू लवकर का काढायचा आणि 'आळशी डोळ्या'साठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लहानपणीच का लावायची, याचं पक्कं कारण तिथे मिळालं. तासगाव, कवठेमहांकाळकडून येणारे आईवडील म्हणतात, "पोरगं मोठं झालं की बघू की." सात-आठ वर्षांच्या आत पट्टी लागली तर फरक चांगला पडतो, पुढे तो कमी होत जातो.

परत खिडकीत. अंगणात रिक्षा जाते, पेरूवर खार पळते, पावसात पानं हलतात, लाईटभोवती किडे जमतात आणि किड्यांवर पाल टपते. आपल्याला हा कंटाळवाणा देखावा वाटतो, कारण आपण त्यात अर्थ शोधतो. वर सांगितलेल्या पेशींना अर्थ लागत नाही, सरकणारी कड पुरते. घरातली मांडणी मात्र दिवसेंदिवस तशीच. कपाट हलत नाही.

आणि कोऱ्या भिंतीकडे बघणारं मांजर? तिथे डोळ्यापेक्षा कान काम करत असतात. माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ८५,००० हर्ट्‌झपर्यंत. उंदरांचं बरंचसं बोलणं आपल्या मर्यादेच्या वर चालतं. जुन्या वाड्यात मांजर माळ्याकडे तोंड करून बसलं असेल, तर नकारात्मक ऊर्जा बहुधा तुळईवर असते आणि तिला शेपटी असते.

खिडकीच्या बाबतीत एकच गोष्ट मनावर घ्यायची, ती पडण्याची. मांजर चार पायांवर पडतं म्हणून त्याला काही होत नाही, हे लोक न्यूयॉर्कच्या १९८७ च्या अभ्यासाचा दाखला देऊन सांगतात. उंच इमारतींतून पडलेली १३२ मांजरं, उपचार केलेल्यांतली सुमारे ९० टक्के वाचली. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जी जागच्या जागी मेली त्यांना कुणी दवाखान्यात आणलं नव्हतं. पारवा फडफडला की आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत याचा हिशोब वाय पेशी ठेवत नाही. सांगलीच्या विश्रामबागेत नवीन फ्लॅट घेतलेल्यांनी खिडकीला जाळी लावून घ्यावी. डासांसाठीची प्लॅस्टिकची जाळी नखानं फाटते, स्टीलची घ्या, आणि स्क्रूनं पक्की बसवा.