युनियनिस्ट आणि लॉयलिस्ट: बेलफास्टचे दोन 'राजनिष्ठ'

'लॉयलिस्ट'चं मराठी करायला बसलं की 'राजनिष्ठ' हा शब्द हाताशी येतो, आणि तिथेच फसगत होते. आपल्या डोळ्यांपुढचा राजनिष्ठ म्हणजे पगडी घातलेला रावबहादूर. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट, तिथला लॉयलिस्ट बहुधा गोदी कामगाराचा मुलगा किंवा नातू असतो. शँकिल रोड नाहीतर न्यूटाउनार्ड्स रोडच्या आसपास, लाल विटांच्या, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत राहणारा.

युनियनिस्ट हा मोठा गोतावळा. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्येच राहावं असं ज्याला वाटतं तो युनियनिस्ट, बहुधा प्रोटेस्टंट, मग तो वकील असो की शेतकरी. लॉयलिस्ट त्यातलेच, पण चांगल्या वस्तीतल्या युनियनिस्टाला लॉयलिस्ट म्हणून पाहा, कपाळाला आठी पडेल. त्या शब्दाला कामगारवस्तीचा वास आहे आणि यूव्हीएफ (अल्स्टर व्हॉलंटियर फोर्स), यूडीए (अल्स्टर डिफेन्स असोसिएशन) या सशस्त्र संघटनांच्या रक्ताचे डागही.

दोघांतली दरी 1974 साली उघडी पडली. सनिंगडेल करारानंतर उत्तर आयर्लंडमध्ये, अखंड आयर्लंड हवं असलेल्या कॅथलिक राष्ट्रवाद्यांसोबत सत्ता वाटून घेणारं सरकार आलं होतं, त्याचे प्रमुख ब्रायन फॉकनर, पक्के युनियनिस्ट. मे महिन्यात लॉयलिस्ट कामगारांनी संप पुकारला. वीज केंद्रं त्यांच्याच हातात होती, रस्ते अडवायला आणि धमकवायला यूडीएची माणसं होती. चौदा दिवसांत सरकार कोसळलं. संप चालू असतानाच ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी भाषणात वापरलेला शब्द होता 'स्पंजिंग', म्हणजे फुकट खाणं. दुसऱ्या दिवशी लोक कोटाला स्पंजचे तुकडे लावून फिरले! निष्ठा राजमुकुटावर, लंडनच्या सरकारवर नाही.

हे नुसतं आडमुठेपण म्हणून सोडून देता येत नाही. हारलँड अँड वुल्फच्या जहाजबांधणी गोदीत एके काळी तीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती, टायटॅनिक तिथलीच. बाप किंवा काका शब्द टाकायचा आणि पोरगा चिकटायचा. कॅथलिकांना ते दार बहुतेक बंदच. ब्रिटिश असणं म्हणजे त्या घरांत हातचं काम असणं होतं. हा हक्क अन्यायावर उभा होता हे खरंच, पण गोदी आटली तेव्हा पगाराबरोबर ओळखही गेली. उरले दिव्याच्या खांबांवरचे झेंडे, लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या फुटपाथच्या कडा आणि 12 जुलैच्या प्रोटेस्टंट विजयोत्सवाच्या आदल्या रात्रीच्या, 11 जुलैच्या होळ्या.

तरी बदलाला विरोध करतात ते लॉयलिस्टच, असंही नाही. 1998 च्या बेलफास्ट शांतता कराराच्या बाजूने उभा राहिलेला डेव्हिड अर्विन पूर्व बेलफास्टचा, यूव्हीएफसाठी तुरुंगवास भोगलेला. विरोधात होते इयन पेस्ली आणि त्यांचा डीयूपी (डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पार्टी) पक्ष, म्हणजे निवडून येणारे, प्रतिष्ठित युनियनिस्ट.

डिसेंबर 2012 मध्ये बेलफास्ट नगर परिषदेने ठरवलं की सिटी हॉलवरचा युनियन जॅक रोज न फडकवता ठरावीक दिवशीच, वर्षाकाठी जेमतेम अठरा दिवस, फडकवायचा. या बदलाविरुद्ध आधी पत्रकं वाटली होती युनियनिस्ट पक्षांनी. ठरावानंतर कित्येक आठवडे रस्ते अडवले, दगडफेक केली ती लॉयलिस्ट वस्त्यांतल्या पोरांनी. खटलेही त्यांच्याच अंगावर आले.