शाळेत थेरपी डॉग कुठून आला?

शाळेतला थेरपी डॉग, म्हणजे मुलांना मानसिक आधार मिळावा म्हणून आणलेला कुत्रा, ही कल्पना नवी वाटते, पण तिचं मूळ न्यूयॉर्कमधल्या एका बालमानसतज्ज्ञाच्या खोलीत घडलेल्या योगायोगात आहे. साल १९५३च्या आसपासचं. बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक कोषात गेलेला मुलगा आईबरोबर ठरल्या वेळेच्या बराच आधी पोचला. मुलं यायच्या वेळी लेविन्सन यांचा कुत्रा जिंगल्स एरवी खोलीत नसे. त्या दिवशी तो तिथेच पडला होता. तो उठून मुलाजवळ गेला आणि त्याला चाटू लागला. मुलगा घाबरला नाही, कुत्र्याला बिलगला. पुढच्या काही भेटींत तो जिंगल्सशी खेळायलाच यायचा. हळूहळू त्या खेळात त्याने लेविन्सन यांनाही सामील करून घेतलं.

कुत्रा स्वतः उपचार करत नाही, मूल आणि मोठं माणूस यांच्यातला दुवा होतो, हे यातलं खरं मर्म. १९६१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात लेविन्सन यांनी हे मांडलं, तेव्हा काहींनी थट्टा केली. ते मागे हटले नाहीत. १९६२ मध्ये कुत्र्याला ‘सहउपचारक’ म्हणणारा लेख आणि १९६९ मध्ये याच विषयावरचं पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं.

प्राण्यांचा आधार त्याआधीही माहीत होता. इंग्लंडमध्ये १७९६ साली सुरू झालेल्या यॉर्क रिट्रीट या मनोरुग्णालयाच्या अंगणात रुग्णांसाठी ससे, कोंबड्या पाळत. पण ती निरीक्षणं होती. मोजमाप बरंच नंतर आलं. मुलं मोठ्याने वाचत असताना खोलीत कुत्रा असेल तर त्यांचा रक्तदाब कमी राहतो, असं १९८३ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. शाळांच्या दृष्टीने हे मोलाचं होतं, कारण अडखळत वाचणाऱ्या मुलाला खरी धास्ती ऐकणाऱ्यांची असते. कुत्रा चूक काढत नाही, मध्ये शब्द सांगत नाही. याच धाग्यावर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत कुत्र्याला वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो ग्रंथालयांतून शाळांत पसरला. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या पहिलीच्या एका वर्गाचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला: कुत्रा असताना आक्रमक वागणं घटलं आणि मुलांचं शिक्षिकेकडे लक्ष वाढलं.

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचा २०२२चा अभ्यास नियोजनासाठी सर्वांत उपयोगी आहे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी २० मिनिटं, असं चार आठवडे मुलं कुत्र्याबरोबर बसली. सर्वसाधारण शाळांत ज्या गटासाठी काहीच उपक्रम नव्हता, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक शाळेच्या टर्मभरात वाढलं. कुत्र्याबरोबरच्या गटांत तशी वाढ झाली नाही. म्हणजे कुत्रा दिवसभर शाळेत फिरवण्याची गरज नाही. छोटी, ठरलेली सत्रं पुरतात.

कुत्र्याच्या बाजूने विचार मात्र फार उशिरा झाला, आणि उपक्रम फसू शकतो तो तिथेच. लहान मुलांना दात विचकणारा कुत्रा पुष्कळदा हसतोय असं वाटतं. म्हणून कुत्रा वर्गात येण्याआधीच मुलांना त्याच्या अस्वस्थतेच्या खुणा शिकवाव्या लागतात: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं. अंग ताठ करून कुत्रा थिजला, की हँडलरने, म्हणजे कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाने, सत्र तिथेच थांबवायचं. ‘शांत बसलाय, म्हणजे आवडतंय’ हा गैरसमज सर्वांत महाग पडतो.

नियमही याच जाणिवेतून कडक होत गेले. पेट पार्टनर्स ही जुनी अमेरिकन संस्था कुत्र्याला दिवसाला दोन तासांहून जास्त काम देत नाही आणि कच्चं मांस खाणारा कुत्रा घेत नाही, कारण त्यातून साल्मोनेलासारखे जिवाणू पसरू शकतात. बाकी तयारी साधी, पण टाळता न येणारी: लसीकरणाची नोंद, पालकांची लेखी संमती, अ‍ॅलर्जी किंवा भीती असलेल्या मुलांसाठी वेगळी खोली, सत्राआधी आणि नंतर हात धुणं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू लागले की कुत्रा ताणात येतो. तिथे रबरी चटई हवी. कोपऱ्यात पाण्याचं भांडं आणि एक अंथरूण ठेवावं. कुत्रा त्या अंथरुणावर गेला, की त्याच्यामागे कुणीही जायचं नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं असतं.