फायरवॉल राउटरमधील इंटरफेस-नेमणूक व दोषशोधन

घरगुती फायरवॉल राउटरच्या कोणत्या पोर्टाने इंटरनेटची बाजू (वॅन) सांभाळायची आणि कोणत्याने घरातली (लॅन), हे ठरवून देण्याला इंटरफेसची नेमणूक म्हणतात. पीएफसेन्स आणि तिच्यातून २०१५ मध्ये वेगळी झालेली ओपीएनसेन्स या फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीवर आधारलेल्या फायरवॉल प्रणाली जुन्या डेस्कटॉपवर चढवणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेटतो.

फ्रीबीएसडीत पोर्टाचे नाव ड्रायव्हरवरून (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामवरून) पडते : इंटेलच्या नेटवर्क कार्डांना ईएम, आयजीबी किंवा आयजीसी, रिअलटेकच्या बहुतेक कार्डांना आरई, आणि पुढे शून्यापासून क्रमांक. हा क्रमांक कार्डे ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरत असल्याने डब्यावर छापलेल्या आकड्यांशी तो जुळेलच असे नाही. शिवाय एखादे कार्ड वाढले किंवा निकामी झाले, की काल आयजीबी२ असलेला पोर्ट आज आयजीबी१ होऊ शकतो आणि फायरवॉलचे नियम शाबूत असूनही भलत्याच पोर्टाला लागू होतात. नोंदलेले नाव सापडलेच नाही, तर पीएफसेन्स सुरू होताना थांबून नेमणूक पुन्हा विचारते. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी बंद केलेली वीज परत आल्यावर यूएसबीचा नेटवर्क अडॅप्टर वेळेत ओळखला गेला नाही, तर नेमके हेच घडते.

अशा वेळी ब्राउझरमधून सेटिंग चाचपडण्यात अर्थ नसतो. मॉनिटर आणि कीबोर्ड थेट जोडून कन्सोलच्या (पडद्यावर दिसणाऱ्या मजकुरी) मेनूतला १ क्रमांकाचा पर्याय निवडावा, सर्व केबली काढाव्यात, ‘ए’ हे अक्षर देऊन स्वयंचलित ओळख मागावी आणि हवी ती एकच केबल खोचावी. ज्या पोर्टाचा दुवा (लिंक) जागा होतो त्याचे नाव प्रणालीला कळते. केबलीच्या पलीकडचे उपकरण चालू असले पाहिजे, ही साधी अट हमखास विसरली जाते. सापडलेले नाव लगेच पोर्टाशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवणे उत्तम.

नेमणुकीचा वाटणारा प्रत्येक दोष मात्र नेमणुकीचा नसतो. कोथरूड-वाकडच्या सोसायट्यांत पुरवठादाराने बसवलेला फायबरचा ओएनटी (फायबरची जोडणी घरात आणणारा डबा) बहुधा स्वतःच राउटर असतो. त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर पीएफसेन्सच्या लॅनचा मूळ पत्ताही तोच असल्याने दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क येते आणि सारे दिवे हिरवे असूनही इंटरनेट मिळत नाही. यावर लॅनला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता देणे पुरते. ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम बंद करून) घालून पीपीपीओई, म्हणजे पुरवठादाराकडे नाव व पासवर्डने होणारी जोडणी, फायरवॉलवर आणल्यास वॅनची नेमणूक आयजीबी० ऐवजी पीपीपीओई० कडे जाते. मूळ पोर्टाला पत्ता न दिसणे तेव्हा स्वाभाविकच असते. काही केबलचालक जोडणी मॅक पत्त्याला (नेटवर्क पोर्टाच्या ओळखक्रमांकाला) बांधतात. तेथे पोर्ट बदलला, तर जुना मॅक पत्ता वॅनच्या सेटिंगमध्ये भरावा किंवा नवा पत्ता चालकाकडे नोंदवून घ्यावा.