पार्श्वभूमी : हरणासाठी घडलेली साइट आणि कोकणातलं मैदान

एप्रिल २०२५ मध्ये ठरलं, की लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंड धनुष्याची, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची, मिश्र सांघिक स्पर्धा होणार. कंपाउंडला ऑलिंपिकचं दार पहिल्यांदाच उघडलं. तेव्हापासून अलिबाग-चिपळूणपासून कुडाळपर्यंत या प्रकाराकडे वळू पाहणारी मुलं आणि त्यांचे पालक भेटले, की बोलणं लवकरच साइटवर, म्हणजे धनुष्यावर बसवायच्या नेम धरायच्या साधनावर, येतं. धनुष्य प्रशिक्षक सुचवतात, बाण धनुष्याच्या ताणावर ठरतात. साइट मात्र ज्याची त्याला निवडायची असते, आणि ऑनलाइन शोधलं तर पाच पिनांच्या (नेम जुळवायच्या बारीक काड्यांच्या), हिरव्या-लाल ठिपक्यांच्या, शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साइट आधी समोर येतात. त्या स्वस्त असतात आणि पुष्कळदा चांगल्या बनावटीच्याही असतात. पण ज्या कामासाठी त्या घडल्या, ते काम आपल्याकडे कायद्यानं बंद आहे, आणि मैदानावरच्या कामाची गरज निराळी आहे. दोन्ही साइट एकमेकींपासून कशा फुटून निघाल्या, याची ही हकिगत.

साइटशिवायचा काळ हजारो वर्षांचा, तरी त्याबद्दल इथे थोडक्यातच. रायगडातल्या कातकऱ्यांच्या तिरकामठ्याला साइट नव्हती आणि इंग्लंडच्या लाँगबोलाही नव्हती. इंग्लंडमध्ये १८५० च्या दशकात मैदानी तिरंदाज बाणाचं टोक जमिनीवरच्या एखाद्या खुणेशी जुळवून नेम धरू लागले, तिथे साइटची कल्पना दिसते. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं १९३४ मध्ये हरणाच्या शिकारीचा फक्त धनुष्यासाठी राखलेला हंगाम सुरू केला. पुढची तीसेक वर्षं बहुतेक शिकारी नजरेच्या सवयीवरच बाण सोडत राहिले. त्याला कारणही होतं. जड धनुष्य पुरतं ताणून धरून पिनेत जनावर बसवत राहायला हाताला ताकद पुरत नसे. बाण सेकंदाला जेमतेम ५० मीटर जाई, म्हणजे अंतराचा अंदाज पाच मीटरनं चुकला तर ३० मीटरच्या आसपास बाण फूटभर खाली लागायचा. अशा धनुष्यावर नेमकी पिन बसवून फारसं हाती लागत नव्हतं.

मिसुरी राज्यातल्या एका माणसानं १९६६ मध्ये चाकांच्या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ च्या डिसेंबरात त्याला ते मिळालं. पुरतं ताणल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, ही त्या धनुष्याची करामत. आज ८० टक्के भार उतरवणारी धनुष्यं सर्रास मिळतात, म्हणजे ६० पौंडांचं धनुष्य ताणून धरताना हातावर १२ पौंड राहतात. धरून थांबता येऊ लागलं आणि बाणाचा वेगही वाढला. त्याबरोबर पिनेला अर्थ आला. दोरीत बसवायचं भोक, म्हणजे पीप, आलं आणि डोळा, पीप, पिन व सावज एका रेषेत येऊ लागलं.

शिकारीची पाच पिनांची साइट याच काळातली. २०, ३०, ४०, ५०, ६० यार्ड अशा पिना एकाखाली एक लावायच्या, समोरचं हरीण किती लांब आहे याचा अंदाज करायचा आणि ती पिन वापरायची. सगळी मांडणी अंतर ठाऊक नसण्यावर बेतलेली आहे. हरीण झाडीतून येतं, वळतं, थांबतं. साइटचा स्क्रू फिरवत बसायला उसंत नसते. बहुतेक बाण २०-२५ यार्डांच्या आतच सुटतात, म्हणून वरच्या दोन पिनाच खरं काम करतात. खालच्या पिना गर्दी करून सावज झाकतात, ही शिकाऱ्यांची जुनी तक्रार. त्यातूनच एकच पिन वरखाली सरकवायची साइट निघाली. मचाणावरून खाली मारणाऱ्यांसाठी लंबकाची साइटही निघाली होती. धनुष्य खाली झुकलं, की पिन आपोआप सरकायची. ठरलेल्या उंचीच्या मचाणावर ती ठीक चालायची, जमिनीवर उतरलं की तिचा उपयोग संपायचा.

पुढचा प्रश्न उजेडाचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा असते, आणि हरीण हमखास याच दोन अर्ध्या तासांत हलतं. पितळेची काळपट पिन त्या वेळी दिसेनाशी होते. फायबर ऑप्टिक तंतू आले तेव्हा ही अडचण बरीच सुटली, कारण लांब तंतू आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी आणतो. पिनांच्या जाडीचे आकडे इंचात छापतात : ०.०२९, ०.०१९, ०.०१०. मधली पिन अर्ध्या मिलिमीटरची. ३० मीटरवर ती साधारण पावणेदोन सेंटिमीटरची जागा झाकते. जाड पिन अंधुक उजेडात लवकर सापडते, बारीक पिन लांबच्या लक्ष्यावर कमी जागा झाकते. शिकारी यात जाड पिनेकडे झुकतो, मैदानावरचा खेळाडू बारीक पिनेकडे. साइट निवडताना हा एक आकडा नीट पाहिला तरी पुष्कळ चुका टळतात.

यानंतरचा टप्पा बॅटरीचा. धनुष्यावर विजेवरचं उपकरण चालू द्यावं का, हा वाद आपल्याकडे फारसा कुणी मांडत नाही. पण साइटच्या इतिहासात इतका कळीचा निर्णय दुसरा नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर हातात धरून अंतर मोजायची लेझर यंत्रं शिकाऱ्यांच्या खिशात आली. तोवर अंतराचा अंदाज ही शिकाऱ्याची स्वतःची कमाई होती. पुढे २०१८ मध्ये हे यंत्र थेट साइटमध्येच आलं. धनुष्य ताणलेलं असतानाच बोटानं कळ दाबायची, अंतर मोजलं जातं आणि काचेवर नेमक्या उंचीवर उजेडाची पिन उमटते. अंदाज, पिनेची निवड, मधल्या अंतरासाठी दोन पिनांमध्ये नेम धरणं, सगळं यंत्र करतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काही राज्यांनी धनुष्यावर विजेवर चालणारं उपकरण आधीच बंद ठेवलं होतं. धनुष्यानं मारलेल्या मोठ्या जनावरांच्या नोंदी १९६१ पासून ठेवणाऱ्या एका संस्थेनं २०१४ मध्ये बाणाच्या शेपटीकडचा दिवा आणि धनुष्यावरचा कॅमेरा चालवून घेतला. अंतर मोजणारं किंवा नेमाला मदत करणारं विजेवरचं उपकरण मात्र तिनं बाहेरच ठेवलं. त्या नियमानं नव्या साइटनं मारलेलं हरीण तिच्या पुस्तकात चढत नसे.

या बंदीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा साधा आणि मनाला भिडणारा आहे. सेकंदाला ८० मीटर जाणारा बाण घ्या. हरीण ३५ मीटरवर आहे आणि शिकाऱ्यानं ३० मीटरची पिन धरली, तर बाण सुमारे १२ सेंटिमीटर खाली लागतो. हरणाच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरची असते. मधोमध धरलेला नेम १२ सेंटिमीटर खाली गेला, की बाण त्या जागेच्या काठावर किंवा काठाबाहेर जातो आणि जनावर घायाळ होऊन रानात तडफडत मरतं. अंतर अचूक कळलं तर हे टळेल, मग बंदी कशासाठी? घायाळ जनावराचा माग काढणं काय असतं हे ज्यानं पाहिलं आहे, त्याला हा प्रश्न उडवून लावता येणार नाही.

तरी मला बंदीची बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. हरीण दोरीचा आवाज ऐकतं आणि उसळी घेण्याआधी झटक्यात खाली बसतं. ४० मीटरवर आवाज ०.१२ सेकंदात पोहोचतो, बाणाला अर्धा सेकंद लागतो. मधला ०.३८ सेकंद हरणाचा असतो. २० मीटरवर हाच वेळ ०.१९ सेकंदावर येतो. अंतर कितीही अचूक मोजलं तरी ही फट बुजत नाही. अंतर काचेवर उमटायला लागलं, की माणसाचा भरवसा वाढतो आणि तो लांबून बाण सोडतो. म्हणजे ज्या चुकीपासून जनावराला वाचवायचं, तिच्या जागी दुसरी चूक येते. जवळ जाण्याची मेहनत शिकाऱ्याकडेच ठेवणारा नियम जनावराच्या बाजूचा आहे असं मी मानतो.

कोकणातल्या वाचकाला हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. इथली जुनी शिकार हाक्याची. वाडीतले लोक रान उठवत यायचे आणि ठासणीच्या बंदुका घेऊन चार जण मोक्याच्या जागी बसायचे. सावज निसटायचंही. मग डोक्याला बॅटरी बांधून रात्री निघायची पद्धत आली. सड्यावर, आंब्या-काजूच्या बागांच्या कडेला उजेड फिरवायचा, डोळे चमकले की थांबायचं. भेकर उजेडात खिळून उभं राहतं. तिथे ना रानाची ओळख लागते, ना वाऱ्याचं भान. साइटमधलं लेझर जनावराचे डोळे दिपवत नाही, हा फरक मान्य. पण सावजाच्या वाट्याला येणारी संधी काढून घेण्याचं काम दोन्हीकडे यंत्रच करतं. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवान्यानं शिकार चालू ठेवली होती तेव्हाही, कृत्रिम उजेड वापरायला मनाई होती, मांसभक्षक जनावरांबाबतचा खास परवानगीचा अपवाद सोडून.

ही परवान्यांची व्यवस्थाही पुढे उरली नाही. मुंबई राज्यानं १९५१ मध्ये वन्य प्राण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला होता. १९७२ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेची शिकार पूर्णच बंद झाली. मुरूडजवळचं फणसाड, जे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, ते त्याआधीच १९८६ मध्ये अभयारण्य झालं होतं. शेतसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना घरात असला म्हणून सांबर-भेकर मारायची मुभा मिळत नाही, आणि धनुष्यालाही वेगळी सूट नाही. बंदुकीचा आवाज होतो, बाणाचा होत नाही, एवढ्यावर कुणी हिशेब मांडत असेल तर त्यानं हेही पाहावं, की कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच आहे.

कायदा मंजूर झाला तो सप्टेंबर १९७२ मध्ये. त्याच आठवड्यात म्युनिकला तिरंदाजी ५२ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये परतली. मैदानी साइटचा प्रवास तिथून समजून घ्यावा. मैदानावर अंतर आधीच ठरलेलं असतं. रिकर्व्हला, म्हणजे चाकं नसलेल्या, टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला, ७० मीटर, कंपाउंडला ५० मीटर. शिकारीच्या साइटनं जो प्रश्न सोडवला, तो इथे उद्भवतच नाही. इथे प्रश्न एकाच जागी पुन्हा पुन्हा बाण लावण्याचा आणि वाऱ्याप्रमाणे पिन केसभर डावी-उजवी करण्याचा. म्हणून मैदानी साइटला एक पिन असते, लांब दांडा असतो आणि बारीक टप्प्यांनी फिरणारे दोन स्क्रू असतात. रिकर्व्हच्या साइटवर भिंग चालत नाही आणि पाणसळही चालत नाही. कंपाउंडला दोन्ही चालतात, दोरीत पीपही चालतो. या सवलतींवरून कंपाउंडला वर्षानुवर्षं सोपा खेळ म्हणून नाक मुरडलं गेलं. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची मुलगी आणि नागपूरचा तरुण वैयक्तिक विजेते झाले. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारतानं आणली. त्यानंतर निदान महाराष्ट्रात तरी तो सूर खाली आला आहे.

आता कोकणातल्या निवडीकडे. शिकारीची पाच पिनांची साइट घेतलीच, तर ती यार्डांच्या हिशेबात बेतलेली असते हे लक्षात ठेवायला हवं. ५० मीटर म्हणजे जवळजवळ ५५ यार्ड. २० ते ६० यार्डांवर लावलेल्या पिनांपैकी एकही तिथे बसत नाही, ५० मीटर शेवटच्या दोन पिनांच्या मधोमध पडतं. चार पिना काढून एकच ठेवावी आणि ती ५० मीटरवर जुळवावी. पिन डावी-उजवी करायला किल्ली घेऊन स्क्रू सैल करावा लागत असेल, तर ती साइट घेऊ नये. किनाऱ्यालगतच्या मैदानावर सकाळचे मतलई वारे पडले की दुपारी खारे वारे सुरू होतात, आणि त्या बदलाला दोन बाणांच्या मध्ये उत्तर द्यावं लागतं.

हवा खारट असल्यामुळे साध्या लोखंडी स्क्रूंना एका पावसाळ्यात गंज धरतो. मग ते फिरत नाहीत आणि जबरदस्ती केली की आटे जातात. स्टेनलेस स्क्रूंची साइट थोडी महाग पडली तरी घ्यावी आणि सराव झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवावी. भिंगाची घाई नको. जून ते सप्टेंबर भिंगावर वाफ धरते आणि पीपमध्ये पाण्याचा थेंब अडकतो, तेव्हा नुसत्या फायबरच्या पिनेवर सराव जास्त सुरळीत होतो. भिंग ऑक्टोबरनंतर बसवलं तरी चालतं, मात्र ते बसवल्यावर सगळे मार्क, म्हणजे साइटवरच्या अंतराच्या खुणा, नव्यानं घ्यावे लागतात. शिकारीच्या साइटबरोबर पिनेवर उजेड पाडणारा छोटा दिवा येतो. धनुष्यावर विजेचं उपकरण लावायला स्पर्धेत मनाई असल्यानं तो काढून घरीच ठेवावा.