काट्याला न दिसणारी दारे

मार्च महिन्यात आमच्या सोसायटीतील एक निवृत्त शेजारी सकाळी बागेच्या बाकावर पेपर वाचत बसलेले दिसू लागले, तेव्हा त्यांचे चालणे थांबल्याचे माझ्या लक्षात आले. जानेवारीत त्यांनी नवे बूट घेतले होते आणि रोज पाऊण तास ते न चुकता चालत होते. कारण विचारले तर म्हणाले, "अहो, अडीच महिने चाललो, काटा अर्धा किलोसुद्धा हलला नाही. मग उगाच पाय कशाला मोडून घ्यायचे?" व्यायाम हे वजन उतरवण्याचे साधन आहे आणि साधन काम करीत नसेल तर ते टाकून द्यावे, या तर्कात खोट काढता येत नाही. खोट आहे ती पहिल्या गृहीतकात.

हिशेब साधा आहे. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. साठ-पासष्ट किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला, तर पन्नास-साठ किलोकॅलरी खर्च होतात. पाऊण तासाच्या फेरफटक्यात साडेतीन किलोमीटर पडले, असे धरले तरी हाती लागतात दोनशे. परतीच्या वाटेवर गाडीवरचा एक वडापाव खाल्ला की खाते उलट बाजूला झुकते. वडापाव टाळला तरी भूक वाढते, दुपारची वामकुक्षी लांबते आणि जेवणात एक पोळी न कळत वाढते. आहाराला हात न लावता केवळ चालण्याने काटा हलत नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न असा आहे, की काटा हलला नाही म्हणून शरीरात काहीच घडले नाही, असे म्हणता येते का?

या प्रश्नाचे एक उत्तर सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या बसगाड्यांतून मिळाले. जेरी मॉरिस या साथरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले, की दिवसभर खुर्चीत बसून असणाऱ्या बसचालकांच्या तुलनेत दुमजली गाडीत तिकिटे फाडत वरखाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार बराच कमी होतो. हे वाहक कामाच्या दिवसात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असत. त्यावर कोणीही शंका घेईल, की वाहक बारीक असतील आणि चालक पोटाळ, म्हणजे फरक वजनाचाच झाला. ती शंका तपासायला मॉरिस यांच्या गटाने केलेली युक्ती मला फार आवडते. कंपनीकडून मिळणाऱ्या गणवेशातील विजारींच्या कमरेची मापे त्यांनी मिळवली. चालकांची मापे खरोखरच मोठी निघाली. परंतु वाहकांची कंबर बारीक असो, मध्यम असो की सुटलेली, त्यांच्यातील हृदयविकाराने होणाऱ्या अकस्मात मृत्यूंचे प्रमाण चालकांपेक्षा कमीच भरले. नोकरीला लागतानाच चालक आणि वाहक यांत काही फरक असणार, ही शंका मात्र पुढेही राहिली आणि ती रास्त आहे. एका निरीक्षणावर सारी इमारत उभी करता येत नाही. तरीही विजारीच्या मापात न मावणारे काहीतरी त्या जिन्यांवर घडत होते, एवढे त्यातून दिसले.

आपल्याकडे या गोष्टीला एक वेगळी धार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे उंची-वजनाच्या तक्त्यानुसार दोघेही सुदृढ. क्ष-किरणांनी शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मात्र चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्या अनेकांची घडण आहे. अशा माणसाला काटा काय सांगणार? आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि राज्यांत सर्वाधिक प्रमाण होते गोव्यात, २६.४ टक्के. त्यांतील कितीतरी जणांना "तुमचे वजन तर ठीक आहे" हे वाक्य कधी ना कधी ऐकावे लागले असेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. तो सुरू होतो एका घोड्याच्या जबड्यापासून. १८८७ साली शोवो आणि कॉफमान या फ्रेंच शास्त्रज्ञांनी घोडा वाळलेले गवत चघळत असताना त्याच्या जबड्याच्या स्नायूतून बाहेर पडणारे रक्त तपासले. चघळणे सुरू होताच त्या रक्तातील ग्लुकोज लक्षणीय घटलेले त्यांना दिसले. काम करणारा स्नायू वाहत्या रक्तातून साखर ओढून घेत होता. इन्सुलिनचा शोध त्यानंतर चौतीस वर्षांनी, १९२१ मध्ये लागला. साखर पेशीत नेणारे संप्रेरक सापडण्याच्या आधीच, स्नायू स्वतःच्या हिमतीवर साखर उचलतो याची नोंद होऊन गेलेली होती.

हे कसे घडते? स्नायुपेशीभोवतीचे पटल मेदाचे असते आणि ग्लुकोज पाण्यात विरघळणारे, त्यामुळे ते आपण होऊन आत शिरू शकत नाही. त्याला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे पटलात बसणारे एक प्रथिन, ग्लुट-४. शाळेत आपल्याला 'इन्सुलिन ही किल्ली आहे आणि पेशी हे कुलूप' असे शिकवतात. ही उपमा सोपी आहे, पण खरी गंमत ती झाकून टाकते. पेशीच्या भिंतीत दारे बसवलेली असतात आणि ती कुलूपबंद असतात, असे नाही. विश्रांतीच्या वेळी भिंतीत दारे जवळजवळ नसतातच. ती आतल्या कोठारात, सूक्ष्म पुटिकांच्या, म्हणजे इवल्या पिशव्यांच्या, वेष्टनात रचून ठेवलेली असतात. हुकूम आला की पुटिका पेशीच्या कडेला सरकतात, पटलात मिसळून जातात आणि त्यांच्यातील दारे भिंतीत उभी राहतात. काम संपले की तीच दारे पुन्हा आत ओढली जातात. बांधकाम चालू असलेल्या घरासारखे हे वाटते खरे; पण हे घर दर जेवणानंतर बांधले जाते आणि दर काही तासांनी उतरवले जाते. दारे अशी आतून बाहेर सरकतात, हे दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी १९८० मध्ये उंदरांच्या मेदपेशींत दाखवले आणि ग्लुट-४ हे विशिष्ट प्रथिन १९८८ मध्ये ओळखले गेले.

मुख्य मुद्दा असा, की दारे बाहेर आणण्याचा हुकूम दोन ठिकाणांहून येऊ शकतो. पहिला हुकूम बाहेरचा. जेवणानंतर स्वादुपिंड इन्सुलिन सोडते, ते पेशीच्या पटलावरील ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते आणि तेथून आत निरोपांची साखळी सुरू होते. एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेटचा टिळा लावते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी एकेटी नावाचे प्रथिन पुटिकांना रोखून धरणाऱ्या टीबीसी१डी४ या 'ब्रेक'ला निष्प्रभ करते. ब्रेक सुटला की पुटिका निघतात. टाइप-२ मधुमेहात आणि त्याच्या आधीच्या अवस्थेत बिघाड होतो तो या साखळीच्या वरच्या कड्यांत. स्नायूंत साचलेल्या मेदापासून तयार होणारे काही रेणू तेथे अडथळा आणतात, हे त्याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. निरोप मध्येच गळतो, कोठारात दारे पडून राहतात आणि रक्तात साखर तुंबते.

दुसरा हुकूम घरातला. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या आत कॅल्शियम सुटते, तंतू ताणले जातात आणि एटीपी हे ऊर्जेचे चलन खर्च होते. खर्च झालेल्या एटीपीचे एडीपी होते. मग पेशी काटकसर करते: दोन एडीपी एकत्र आणून त्यांतून एक एटीपी परत मिळवते आणि उरतो एक एएमपी. विश्रांतीच्या स्थितीत पेशीत एएमपी अगदी नगण्य असते, म्हणून एटीपी किंचित जरी घटले, तरी एएमपी मात्र कित्येक पटींनी वाढते. पिंपातले पाणी किती कमी झाले हे सहज कळत नाही, पण तळाशी तांब्या घासल्याचा आवाज लगेच ऐकू येतो, तसेच हे आहे. हा आवाज ऐकणारे विकर (एन्झाइम) म्हणजे एएमपीके. ते जागे होते आणि टीबीसी१डी४ व त्याचेच भावंड टीबीसी१डी१ या ब्रेकांवर जाऊन पोचते. म्हणजे दोन्ही हुकूम वेगळ्या वाटांनी निघतात आणि कोठाराच्या दाराशी एकमेकांना भेटतात! यात एएमपीके एकटे नाही. ते निकामी केलेल्या उंदरांच्या स्नायूंतही आकुंचनाने ग्लुकोज बऱ्याच प्रमाणात आत जातेच, कारण कॅल्शियम आणि ताण यांचे स्वतंत्र निरोपही चालू असतात. ही आद्याक्षरे डोक्यावरून गेली तरी बिघडत नाही. एवढे ध्यानात राहिले तरी पुरे, की मधुमेहात तुटणारी साखळी पहिली आहे, दुसरी बहुतांशी शाबूत राहते. इन्सुलिनला दाद न देणारा स्नायू चालताना मात्र दारे बाहेर काढतो.

याचे महत्त्व समजायला एक आकडा पाहावा लागतो. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. दोन पोळ्या, वाटीभर भात आणि वरण यांतून येणारी कर्बोदके सत्तर-ऐंशी ग्रॅम. चमचाभर साखरेच्या या तळ्यात दोन-तीन तासांत पंधरा चमचे ओतले जातात आणि तरीही पातळी फारशी चढू द्यायची नसते. इन्सुलिनच्या प्रभावाखाली उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा सर्वात मोठा वाटा हाडांना जोडलेले स्नायू उचलतात. त्यांची दारे कोठारातच पडून असताना ही साखर जाणार कोठे?

जेवणानंतरची शतपावली येथे अर्थपूर्ण ठरते. वडिलांच्या ग्लुकोमीटरवर मी स्वतः हा खेळ करून पाहिला. दोन रविवारी तेच जेवण, त्याच वेळी. पहिल्या रविवारी जेवून खुर्चीत बसलो, दुसऱ्या रविवारी वीस मिनिटे पार्किंगमध्ये चाललो. एक तासाने बोट टोचले तेव्हा चाललेल्या दिवसाचा आकडा तीसएक मिलिग्रॅमने कमी होता. एका माणसाची दोन टोचणी म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण जेवणानंतर चालल्याने साखरेचा चढ बुटका होतो, हे रीतसर अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. शिवाय परिणाम चालणे संपल्यावर संपत नाही. रिकामा झालेला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, साठा भरून काढायला स्नायू पुढचा एक ते दोन दिवस इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देतात. मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पाडू नये, या सल्ल्यामागे हेच कारण आहे. मात्र इन्सुलिन किंवा ते वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालण्याने एकदम खालीही येऊ शकते, तेव्हा डॉक्टरांशी बोलूनच वेळ ठरवावी. उलट, धापा टाकत केलेल्या अतितीव्र व्यायामात ॲड्रेनलिनमुळे यकृत साखर सोडते आणि आकडा तात्पुरता चढतो. तो पाहून घाबरून जाऊ नये.

आमच्या शेजाऱ्यांच्या गॅलरीत 'इन्सुलिनचे झाड' म्हणून विकली जाणारी एक कुंडी आहे आणि ते रोज सकाळी तिचे पान चावून खातात. त्या पानात इन्सुलिन नसते. असते तरी उपयोग नव्हता, कारण इन्सुलिन हे प्रथिन आहे आणि पोटात गेल्यावर त्याचे तेच होते जे वरणातल्या प्रथिनाचे होते. म्हणून तर ते सहसा टोचून घ्यावे लागते. पोटाला बांधून घाम काढणाऱ्या पट्ट्यांनी जाते ते पाणी, आणि ते पुढच्या तांब्यासरशी परत येते. दहा हजार पावलांचा आकडाही १९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आलेला आहे, कोणत्याही वैद्यकीय मोजणीतून नव्हे. साडेचार हजार पावले झाली म्हणून खट्टू होणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

व्यायाम टिकतो कशाने, यावरही अभ्यास झालेला आहे. मिशिगन विद्यापीठातील मिशेल सेगर आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा वजन घटवण्यासाठी किंवा पुढे कधीतरी मिळणाऱ्या आरोग्यासाठी व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, रोजचे बरे वाटणे आणि ताण हलका होणे यासाठी करणाऱ्यांचा व्यायाम अधिक होत असल्याचे दिसले. मला यात नवल वाटत नाही. काट्याचा निकाल महिन्यांनी लागतो आणि बहुधा नापास. झोपेचा निकाल त्याच रात्री लागतो. माझ्या ओळखीच्या एक आजी रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतात, कारण त्यांना नातवाच्या मुंजीत पंगतीला खाली बसायचे होते. त्या बसल्या, आणि कोणाचा हात न धरता उठल्याही. माझे स्वतःचे कारण घराण्यातला मधुमेह हे आहे आणि, खरे सांगायचे तर, जिना चढताना कोठारातली दारे सरकत असल्याची कल्पना करायला मला आवडते.

शेजाऱ्यांना मी हे सगळे सांगितले. एएमपीकेपर्यंत पोचेतो त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. तांब्याचा आवाज मात्र त्यांना पटला असावा, कारण जाताना त्यांनी ग्लुकोमीटर दोन दिवसांसाठी मागून नेला आणि तो अजून परत आलेला नाही. झाडाचे पान चावणे चालू आहे, कमरेच्या पट्ट्याचे भोकही तेच आहे. पण रात्री सव्वानऊच्या सुमारास पार्किंगमधून, लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, त्यांच्या चपलांचा आवाज येऊ लागला आहे.