ओळखीपाळखीतून व्यवसायवाढ, बडोदे

छोट्या व्यावसायिकाने प्रत्यक्ष गाठीभेटींतून आणि मोबाइलवरच्या संपर्कातून गिऱ्हाईक, पुरवठादार आणि सोबतीचे व्यावसायिक जोडत धंदा वाढवणे, याला आज सर्रास नेटवर्किंग म्हणतात. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत त्यासाठी वेगळा शब्द नव्हता. ‘त्यांच्या खूप ओळखी आहेत’ एवढे म्हटले की सगळे आले. प्रस्तुत नोंदीत दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतले घरगुती उद्योग आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉप यांच्या अंगाने या रीतीचा विचार केला आहे.

जाहिरात कोणीही पैसे भरून देऊ शकतो. ओळख तशी विकत मिळत नाही. ‘अमक्यांकडून घे, माझं नाव सांग’ असे कोणी म्हणतो तेव्हा तो स्वतःचा शब्द खर्ची घालत असतो. माल चांगला निघाला तर त्याचाही मान वाढतो, वाईट निघाला तर पुढच्या वेळी त्याचे कोणी ऐकत नाही. धंदा वाढवू पाहणाऱ्याने सांभाळायची पहिली गोष्ट हा दुसऱ्याचा शब्द आहे, आणि नवशिके नेमके तिथेच चुकतात.

पूर्वपीठिका : गायकवाडांच्या अंमलात फौज, कारकुनी, न्यायखाते, शिक्षकी अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे बडोद्यात आली आणि इथलीच झाली. पगारी माणसांची ही वस्ती. लग्नकार्य, आजारपण निघाले की सावकाराचे दार गाठावे लागे. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ निघाली. परस्परसाहाय्याची भारतातील पहिली ज्ञात संस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. सहकारी पतसंस्थांचा कायदा देशात १९०४ साली आला, म्हणजे ही मंडळी कायद्याच्याही पंधरा वर्षे आधीची. अन्योन्य म्हणजे एकमेकांचे. अशा मंडळीचा आधार सभासदांची आपसातली ओळख हाच असे. कर्ज मागणारा कोण, कुठे नोकरीला, शब्दाचा कसा, हे बाकीच्यांना ठाऊक असे. गल्लीतली माहिती हेच तारण. घरोघर चालणारी भिशी याच तत्त्वावर उभी असते, आणि शिवणकाम किंवा फराळाचा उद्योग सुरू करणाऱ्या कितीतरी बायकांचे पहिले भांडवल भिशीच्या रकमेतून उभे राहिले आहे.

दुसरे उदाहरण कलाभवनाचे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात १८९० साली सुरू झालेल्या या तंत्रशिक्षण संस्थेची धुरा त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. पुढे १९०७ साली ‘अलेम्बिक’ हा रसायनांचा कारखाना निघाला, तेव्हा संस्थापकांत गज्जर यांच्याबरोबर कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ही नावे होती. एक मराठी आणि दोन गुजराती नावे एकत्र आली ती विद्येच्या निमित्ताने. जातीची, भाषेची ओळख माणसाला उभे करते. कामाची ओळख त्याला त्या वर्तुळाबाहेर नेते. बडोद्यात मोठी झालेली कामे बहुधा दुसऱ्या प्रकारच्या ओळखीवर झालेली दिसतात.

प्रत्यक्ष भेटी : संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी एखादी गृहिणी स्वतः केलेल्या मेतकुटाची पन्नास ग्रॅमची पुडी देते. पुडीवर नाव, फोन नंबर, केल्याची तारीख. घेणारी घरी जाते, दुसऱ्या दिवशी गरम भातावर तूप-मेतकूट पडते, आणि चव घरातल्या चौघांना कळते. वाणाला नाही म्हणायचे नसते, त्यामुळे नमुना नाकारला जाण्याचा प्रश्नच येत नाही. याच रिवाजात एक मोठी उणीवही आहे. विधवा बायकांना न बोलावणारी घरे कमी होत चालली असली, तरी अजून आहेत. ज्यांना कमाईची निकड सर्वांत जास्त, त्याच या वर्तुळाबाहेर राहतात. हे बदलायलाच हवे, आणि जी मंडळे सर्व स्त्रियांना बोलावतात त्यांच्याकडे नव्या उद्योगिनी अधिक दिसल्या तर त्यात नवल नाही.

ओळखीतून ऑर्डर मिळते, तसे शहाणपणही मिळते. मराठी घरात पुरण हरभऱ्याच्या डाळीचे. गुजराती घरातल्या पुरणपोळीचे, म्हणजे वेढमीचे, पुरण तुरीच्या डाळीचे असते. पुरणपोळी करून विकणाऱ्या बाईला हे पुस्तकातून कळत नाही. शेजारच्या गुजराती मावशी पहिला घास घेऊन म्हणतात, ‘छान आहे, पण आमच्यासारखी नाही’, तेव्हा कळते. मग दोन प्रकारच्या पोळ्या सुरू होतात आणि गिऱ्हाईक वाढते. चकलीचेही तसेच. गुजरातीत ती ‘चकरी’, आणि ती बहुधा तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाची, जिभेवर विरघळणारी. खमंग, कडक भाजणीची चकली त्याच नावाने पाठवली तर गिऱ्हाइकाला वाटते माल बिघडला. जैन गिऱ्हाइकाला कांदा, लसूण, कंदमुळे चालत नाहीत. आपल्या माणसांतच विकत राहिले, तर यातले काहीही कधी कळत नाही.

या अनुभवाला समाजशास्त्रात आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातील नोकरी बदललेल्या लोकांची पाहणी दिली आहे. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत असे; ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचित. कारण सरळ आहे. जिवाभावाच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. तोंडओळखीचा माणूस वेगळ्या गल्लीत, वेगळ्या भाषेत वावरतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते. पाहणी नोकऱ्यांची होती, तरी गिऱ्हाइकालाही हे लागू पडते.

बडोद्याचे पंचांगही यात मदतीला येते. गणेशोत्सवातली वर्गणी आणि मंडळाच्या अहवालातली छोटी जाहिरात, नवरात्रातले गरबे, उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, गच्चीवर जमलेली इमारत, ही सारी भेटीची निमित्ते. सर्वांत कामाचे दिवस मात्र दिवाळीनंतरचे. कार्तिक प्रतिपदेला आपला पाडवा आणि गुजराती नववर्ष एकत्र येतात. त्यानंतर लाभपंचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) बाजारातली बरीच दुकाने बंद असतात, माणसे ‘साल मुबारक’ करत घरोघर फिरतात. एरवी दुकानात दोन मिनिटे न बोलणारा व्यापारी त्या दिवसांत निवांत बसतो. त्या बैठकीत धंद्याचे बोलणे काढू नये. ते लाभपंचमीनंतर आपोआप निघते.

ऑनलाइन संपर्क : व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप जानेवारी २०१८ मध्ये आले आणि घरगुती उद्योगांच्या हाती मालाची चित्रमय यादी, कामाच्या वेळा, ठरावीक उत्तरे अशी साधने आली. ग्रुपमध्ये १,०२४ सदस्य मावतात, म्हणून अनेकांना ग्रुप हाच मोठा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो टाकणाऱ्याला लोक आठवड्याभरात म्यूट करतात, आणि विचारल्याशिवाय कोणाला ग्रुपमध्ये ओढणे म्हणजे बेल न वाजवता घरात शिरणे. त्याहून उपयोगी आहे ब्रॉडकास्ट यादी. एका यादीत २५६ जण, प्रत्येकाला संदेश स्वतंत्र पोहोचतो. अट एकच, समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला असला पाहिजे. न भेटलेल्या माणसाने नंबर सेव्ह करण्याचे कारणच नसते. मेतकुटाच्या पुडीवरचा नंबर इथे कामाला येतो: पुडी आवडली, नंबर सेव्ह झाला, आणि त्यानंतरच ‘शुक्रवारी पुरणपोळी, गुरुवारी दुपारपर्यंत सांगावे’ हा संदेश त्या घरी पोहोचू लागला. मोबाइल ओळख निर्माण करतो असे म्हणण्यापेक्षा झालेली ओळख तो जागी ठेवतो, असे म्हणणे बरोबर ठरेल.

मालाची यादी गुजरातीतही असावी. बडोद्यातला मराठी माणूस बोलतो उत्तम गुजराती, पण यादी मात्र मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत ठेवतो. ‘चकरी’ शोधणाऱ्याला ‘चकली’ सापडत नाही. गुगल नकाशावरची नोंद फुकट असते. तिथे दुकानाच्या पाटीचा फोटो, खरी वेळ आणि तक्रारीला दिलेले शांत उत्तर एवढे असले तरी बरेच काम होते. नातेवाइकांकडून पाच तारे लिहवून घेऊ नयेत. वाचणाऱ्याला ते कळते.

मकरपुऱ्यात चित्र वेगळे. लेथ चालवणाऱ्याकडे मिलिंग नसते, मिलिंगवाल्याकडे प्लेटिंग नसते, त्यामुळे जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर करून द्यायचे काम, चलानासह या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत असते. चहाच्या टपरीवर कोणाचे मशीन रिकामे आहे हे कळते, आणि जास्तीचे काम शेजाऱ्याकडे जाते. काम दिलेला शेजारी मंदीच्या महिन्यात आठवण ठेवतो. मोठ्या कंपनीच्या पुरवठादार यादीत नाव लागायला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद), जीएसटी, दर्जाची कागदपत्रे लागतात. ओळख तिथे फक्त कोणाला भेटायचे ते सांगते. १९१८ पासूनचे फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीज ही उद्योजकांची संघटना, किंवा १९८५ साली अमेरिकेत इव्हान मायझनर यांनी सुरू केलेल्या बीएनआय या, सदस्यांनी एकमेकांना गिऱ्हाईक सुचवण्याच्या संस्थेच्या आठवड्याच्या बैठका अशा वर्कशॉपवाल्यांना, सीएंना, इंटिरिअरचे काम करणाऱ्यांना लाभतात. बीएनआयच्या एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो, म्हणून आपसात स्पर्धा राहत नाही. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी महाराष्ट्रात सुरू केलेला सॅटर्डे क्लब याच विचाराचा. घरून डबे देणारीला मात्र दर आठवड्याची हजेरी आणि फी झेपण्यासारखी नसते; तिचे गिऱ्हाईक त्या सभागृहात बसतही नाही.

उधारी : ओळखीच्या धंद्याला लागणारी कीड म्हणजे उधारी. ‘आपलेच आहेत’ म्हणून पैसे मागायला जीभ उचलत नाही. २०१६ नंतर यूपीआयमुळे छोट्या रकमांचा हा संकोच बराच कमी झाला, कारण कोड समोर असला की मागावे लागत नाही. मोठ्या रकमांसाठी २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात तरतूद आहे. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार करायला मन धजत नाही, तेव्हा फोन जातो तो ज्याने पहिल्यांदा नाव सुचवले त्याला. ‘तुमच्या सांगण्यावरून माल दिला होता’ एवढेच त्याला सांगायचे असते. पुढचे तो बघतो.