ड्युअल बूट संगणकातील पार्टिशन व बूटलोडर दोषनिवारण

ड्युअल बूट संगणकातील पार्टिशन व बूटलोडर दोषनिवारण : एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली, बहुधा विंडोज आणि लिनक्स, बसवलेल्या असताना त्यांपैकी एक किंवा दोन्ही सुरू होईनाशा झाल्यास दोष नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे ओळखून, साठवलेल्या माहितीला धक्का न लावता तो दूर करण्याची पद्धत (पार्टिशन म्हणजे डिस्कचा स्वतंत्र केलेला भाग, आणि बूटलोडर म्हणजे कार्यप्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम). अशा वेळी पडदा काळा पडतो किंवा त्यावर अनोळखी ओळी उमटतात आणि सगळे गेले असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड डिस्कच्या सुरुवातीच्या काही शे बाइटांत, मदरबोर्डच्या स्मृतीतील एखाद्या नोंदीत किंवा एका छोट्या मजकुरी फाइलमध्ये असतो. माहितीचा खरा नाश होतो तो पुष्कळदा त्यानंतरच्या घाईच्या दुरुस्तीत.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, असे संगणक अनेक घरांत व दुकानांत आढळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी मुले लिनक्सच्या प्रात्यक्षिकांसाठी घरच्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती टाकतात, पण त्याच लॅपटॉपवर वडिलांच्या दुकानाचा हिशेब टॅलीत असल्यामुळे विंडोज काढता येत नाही. लग्नपत्रिका आणि हँडबिले तयार करणाऱ्या डीटीपी व्यावसायिकांचे जुने काम श्रीलिपीसारख्या विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अडकलेले असते, त्यामुळे तेथेही लिनक्स आले तरी विंडोज राहतेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागत असल्यामुळे ज्या जुन्या यंत्रांना ती चालत नाही, त्यांच्यावर जोडीला लिनक्स बसवण्याचे कारण आणखी वाढले. संगणक सुरू झाला नाही की तो उचलून दुकानात न्यायचा आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचे, ही आपल्याकडची रीत केवळ विंडोज असलेल्या यंत्रावर फारशी अंगाशी येत नाही, कारण सी ड्राइव्ह पुसला तरी डी आणि ई शाबूत राहतात. ड्युअल बूट यंत्रावर मात्र लिनक्सच्या पार्टिशनला विंडोजमध्ये अक्षरच नसते. दुरुस्ती करणाऱ्याला तो निनावी, निरुपयोगी तुकडा वाटतो, आणि वर्षभराचे प्रकल्प असलेली जागा ‘मोकळी’ म्हणून दुसऱ्या ड्राइव्हला जोडली जाते. म्हणून यंत्र दुसऱ्याच्या हाती देताना त्यात लिनक्स आहे आणि डिस्कवरचा कोणताही तुकडा पुसायचा नाही, हे कागदावर लिहून देणे अत्यंत आवश्यक आहे.

डिस्कची विभागणी दोन प्रकारे नोंदवली जाते. जुनी पद्धत एमबीआर ही १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आली. तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट बूटलोडरच्या आरंभीच्या तुकड्यासाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. तक्त्यात १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशने चारपेक्षा जास्त होत नाहीत. अधिक हवी असल्यास त्यांपैकी एक एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशने करावी लागतात, व त्यांचे क्रमांक लिनक्समध्ये ५ पासून सुरू होतात. नवी जीपीटी पद्धत साधारणपणे १२८ नोंदींची जागा राखते, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते आणि दोन्हींवर तपासणी-बेरीज लिहिते, त्यामुळे एक प्रत बिघडली तर दुसरीवरून ती उभी करता येते. जीपीटीबरोबर येणारे यूईएफआय हे फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, पहिल्या सेक्टरमधला तुकडा चालवत नाही; ते एफएटी स्वरूपाच्या एका छोट्या पार्टिशनवर, ज्याला ईएसपी म्हणतात, ठेवलेल्या फाइली वाचते. विंडोज व उबुंटू यांचे बूटलोडर तेथे आपापल्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी राहतात आणि पहिला मान कोणाचा हे मदरबोर्डच्या स्मृतीतील यादीवरून ठरते.

दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसवलेल्या असणे ही पहिली तपासणी होय. विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स जुन्या बायोस पद्धतीने बसवले गेले, तर दोन्ही सुस्थितीत असूनही एकीच्या यादीतून दुसरी उघडत नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केल्यावर ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ हे फोल्डर दिसले, तर आपण यूईएफआय पद्धतीत आहोत. दिसले नाही, तर पेन ड्राइव्ह दुसऱ्या पद्धतीने सुरू झाला आहे आणि त्या स्थितीत केलेली दुरुस्ती चुकीच्या जागी लिहिली जाईल.

बायोस-एमबीआर यंत्रावरचा सर्वांत परिचित दोष ‘ग्रब रेस्क्यू’ (ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर) हा असून तो जवळून पाहण्याजोगा आहे. समजा, डिस्कवर पहिले दोन पार्टिशन विंडोजचे, पाचवे लॉजिकल पार्टिशन डी ड्राइव्हचे आणि सहावे लिनक्सचे आहे. विंडोजमध्ये जागा कमी पडते म्हणून वापरकर्ता डी ड्राइव्ह काढून टाकतो. लिनक्सच्या पार्टिशनला त्याने हातही लावलेला नसतो. पण लॉजिकल पार्टिशने एका साखळीत जोडलेली असल्यामुळे पाचवे गेले की सहाव्याचा क्रमांक आपोआप ५ होतो. ग्रबच्या गाभ्यात मात्र ‘माझ्या फाइली सहाव्यावर आहेत’ हेच लिहिलेले असते. पुढच्या वेळी यंत्र सुरू करताच ‘असे पार्टिशन नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ची लुकलुकणारी खूण एवढेच दिसते. येथे काहीही पुसावे लागत नाही. ‘एलएस’ ही आज्ञा दिली की उपलब्ध पार्टिशनांची यादी येते. प्रत्येकापुढे तिरकी रेघ देऊन पुन्हा ‘एलएस’ केले की विंडोजच्या पार्टिशनांवर ‘अनोळखी फाइलप्रणाली’ असे उत्तर मिळते आणि लिनक्सच्या पार्टिशनवर ‘बूट’, ‘होम’, ‘ईटीसी’ ही फोल्डरे दिसतात. ते पार्टिशन सापडले की ‘सेट’ आज्ञेने ‘प्रीफिक्स’ला त्या पार्टिशनवरील ‘बूट’मधील ‘ग्रब’ फोल्डरचा पत्ता आणि ‘रूट’ला त्या पार्टिशनचे नाव द्यावे, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’ ही आज्ञा द्यावी. नेहमीचा मेनू समोर येतो. ही सोय तेवढ्या वेळेपुरती असते. लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्ये ‘ग्रब-इन्स्टॉल’ संपूर्ण डिस्कवर, म्हणजे ‘एसडीए’वर, ‘एसडीए५’वर नव्हे, चालवून नंतर ‘अपडेट-ग्रब’ द्यावे लागते. लिनक्सचे पार्टिशनच काढून टाकले असेल, तर परत जाण्याची वाट विंडोजच्या दुरुस्ती पेन ड्राइव्हवरील ‘बूटरेक फिक्सएमबीआर’ ही आहे. ही आज्ञा तक्ता न बदलता केवळ बूटलोडरचा आरंभीचा तुकडा नव्याने लिहिते; म्हणून लिनक्स शाबूत असताना ती चुकून दिली, तरी लिनक्स नाहीसे होत नाही, फक्त त्याचा मेनू दिसेनासा होतो.

यूईएफआय यंत्रावर तक्रार वेगळी असते : मेनू न येता थेट विंडोज उघडते. विंडोजच्या किंवा फर्मवेअरच्या अद्ययावतीकरणानंतर, अथवा मदरबोर्डवरील बॅटरी उतरल्यानंतर, यादीतील क्रम बदलतो किंवा नोंदच नाहीशी होते. यंत्र चालू होताना डेल व लेनोव्होवर एफ१२ किंवा एचपीवर एफ९ दाबून यादी उघडावी. तीत उबुंटूचे नाव असेल तर तेथून आत जाऊन ‘ईएफआयबूटएमजीआर’ने क्रम सुधारावा. नाव नसेल तर लाइव्ह, म्हणजे न बसवता थेट लिनक्स चालवणाऱ्या, पेन ड्राइव्हवरून लिनक्सचे पार्टिशन माउंट करावे (फोल्डरसारखे जोडून घ्यावे), त्याच्या आत ‘बूट/ईएफआय’ या जागी ईएसपी जोडावे, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ व ‘सिस’ ही फोल्डरे बांधून घेऊन ‘सीएचरूट’ने त्यात शिरावे आणि ग्रब पुन्हा बसवावे. उलट, मेनू येतो पण त्यात विंडोज दिसत नाही, ही तक्रार २०२१ मधील ग्रब २.०६ पासून वाढली, कारण दुसरी प्रणाली शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ तेव्हापासून मुळातच बंद ठेवलेला असतो. ‘ईटीसी/डिफॉल्ट’मधील ग्रबच्या फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ची किंमत ‘फॉल्स’ केली आणि ‘अपडेट-ग्रब’ दिले की विंडोज यादीत परत येते.

सिक्युअर बूट (फक्त सही तपासलेला बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) आणि बिटलॉकर (विंडोजचे ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) यांना स्वतंत्र जपावे लागते. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्ययावतीकरणाने जुन्या बूटलोडरांना मज्जाव करणारी नवी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली. ती ड्युअल बूट यंत्रांना लागू होणार नाही असे सांगितले गेले असतानाही अनेक यंत्रांवर लागू झाली आणि लिनक्स ‘शिम एसबीएटी’च्या पडताळणीवर अडले (शिम हा सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर). सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जाणे, शिम अद्ययावत करणे आणि मग ते पुन्हा चालू करणे हा त्यावरचा मार्ग होता. पण सिक्युअर बूटची स्थिती बदलताच बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. ती की आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून घेतल्याशिवाय फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावू नये. की हरवली तर विंडोजमधील माहिती कोणत्याही कारागिराला परत मिळवून देता येत नाही.

पार्टिशनचा आकार बदलताना होणारी हानी मात्र खरी असते, आणि आपल्या भागात तिचे मोठे कारण वीज हे आहे. पार्टिशनचा शेवट मागे घेणे हे तुलनेने लवकर होणारे काम आहे. त्याची सुरुवात सरकवायची झाल्यास आतला सगळा मजकूर उचलून नव्या जागी लिहावा लागतो आणि साध्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या आणि अर्धा नव्या जागी अशी अवस्था होते. रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारे वळवाचे वारे विजेच्या ताराही पाडतात, आणि घरगुती यूपीएस तासन्‌तास टिकत नाही. त्यामुळे डेस्कटॉपवर असले काम त्या दिवसांत हाती घेऊच नये. विंडोजचे पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करावे, लिनक्सचे लाइव्ह पेन ड्राइव्हवरील जीपार्टेडने करावे, आणि दोन्हींपूर्वी माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये एमबीआर डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशने असताना पाचवे करायला गेल्यास ती डिस्क ‘डायनॅमिक’ करण्याची परवानगी मागितली जाते; तेथे नकार द्यावा, कारण तशा डिस्कवर लिनक्स बसवणे अवघड होऊन बसते. लिनक्सच्या पार्टिशनला कधी विंडोजने अक्षर दिले आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी चौकट आली, तर तीही रद्द करावी.

तक्ताच पुसला गेला असल्यास पहिला नियम असा की त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच पार्टिशनांची नोंद गेली तरी फाइली डिस्कवर असतात. क्रिस्टोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हे मुक्त साधन डिस्क धुंडाळून फाइलप्रणालींच्या आरंभखुणा शोधते आणि त्यांवरून तक्ता पुन्हा मांडून दाखवते. मांडणी मान्य करण्यापूर्वी सापडलेल्या प्रत्येक पार्टिशनमधील फाइलींची यादी त्यातच उघडून पाहता येते. ती न पाहता तक्ता लिहिणे धोक्याचे आहे, कारण जुन्या, कधीच मोडलेल्या पार्टिशनांच्या खुणाही तेथे सापडतात. डिस्क सुस्थितीत असतानाच ‘एसएफडिस्क’ने तक्त्याची मजकुरी प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवली असेल, तर हे काम काही मिनिटांचे होते.

दोष तर्काने उलगडत नसेल तर डिस्कच खराब होत नाही ना हे ‘स्मार्टसीटीएल’ने पाहावे. बदली केलेल्या आणि बदलीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांचे आकडे वाढत असतील, तर पार्टिशन दुरुस्तीचे प्रयत्न थांबवून आधी ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी व पुढची दुरुस्ती त्या प्रतीवर करावी. भुसावळ-जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखालील दुकानात, धुळीने भरलेल्या कॅबिनेटमध्ये चालणाऱ्या डिस्कची ही तपासणी एरवीही करत राहावी.

काही तक्रारी बूटलोडरच्या वाटतात, पण तशा नसतात. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्सला तिचे ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरते उघडतात. ही सोय कंट्रोल पॅनेलमधून बंद केली की प्रश्न मिटतो. लिनक्स सुरू होताना दीड मिनिट थांबत असेल, तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये एखाद्या पुसलेल्या पार्टिशनचा, बहुधा स्वॅपचा (रॅमला जोड म्हणून राखलेल्या जागेचा), जुना ओळखक्रमांक राहिलेला असतो; ‘बीएलकेआयडी’ने नवा क्रमांक पाहून तो तेथे लिहावा. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते, तेही असेच : लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि भारतीय वेळ तिच्यापुढे ५ तास ३० मिनिटे आहे. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ने स्थानिक वेळ ठेवण्यास सांगावे किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत जागतिक वेळेची नोंद करावी, दोन्ही एकदम केल्यास फरक उलट दिशेने पुन्हा दिसू लागतो.